कोर्ट उठेपर्यंत

“वकीलबाई, तुम्हीच समजवा हिला. मी सोडतोय आणि ही जात नाही!”

इन्स्पेक्टर धनवे मला ठाण्याच्या पायरीवरच भेटले. मी आले होते दुसऱ्याच एका अशिलाच्या जामिनासाठी. वकिली सुरू करून तेव्हा मला फार दिवस झाले नव्हते. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी शिरवलीच्या कोर्टाने जे वकील नेमले होते त्यांत सगळ्यांत तरुण मी. त्यामुळे कुणालाच नको असलेलं काम फिरून फिरून माझ्याकडे यायचं.

“कोण आहे?”

धनव्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “पाकिस्तानी.”

शिरवली म्हणजे समुद्राकाठचं तालुक्याचं गाव. चिकूच्या वाड्या, मासळीचा बाजार, एक कोर्ट, एक ठाणं. हा शब्द आमच्याकडे क्रिकेटची मॅच असली की ऐकू यायचा, नाहीतर समुद्रात एखादी बोट पकडली गेली की.

“काल दुपारी आपणहून चालत आली,” धनवे सांगू लागले. “म्हणाली, माझ्या व्हिसाची मुदत संपलीय, मला अटक करा. भाचीच्या लग्नाला आली होती. व्हिसा फक्त मुंबईचा, आणि ही इथं. मी म्हटलं, म्हातारी बाई आहे, कशाला लफडं? वरच्या ऑफिसला फोन केले, विनंत्या केल्या. परत पाठवायची परवानगी मिळतेय. केस नाही, काही नाही. तर म्हणते, मला कोर्टात न्या. एवढ्या नोकरीत असा आरोपी मी बघितला नाही.”

आत महिला शिपायांच्या खोलीत बाकावर एक बाई बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, उंच, सुती साडी, घट्ट अंबाडा. समोर शैला शिपाई उभी, आणि शैलाचं मनगट त्या बाईंच्या हातात.

“हिला रक्त कमी आहे,” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. “नाडी बघ कशी धावते. आणि हिला उन्हात उभी करतात.”

मी दारातच थांबले. मराठी! तेही अगदी आपल्या कोकणातल्या माणसाचं असावं तसं.

“तुम्ही मराठी कुठं शिकलात?”

“शिकायची काय? आई बोलली, मी बोलले. मी द्वारका नागवेकर. कराचीची. तू वकील ना? बस.”

कराचीत मराठी माणसं आहेत हे मला माहीतच नव्हतं. आजोबा रत्नागिरीकडून तिकडे बंदरावर कामाला गेले, त्यांनी सांगितलं. फाळणी झाली तेव्हा आईला दिवस गेलेले. अशा अवस्थेत बोटीत कसं बसवायचं, बाळंतपण झाल्यावर जाऊ, असं ठरलं. मग ते राहिलेच. त्यांच्या बोलण्यात दवाखाना नव्हता, इस्पितळ होतं. अर्ज नव्हता, दरखास्त होती. त्या इस्पितळात नर्स म्हणून काम करून वर्षापूर्वीच निवृत्त झाल्या होत्या. नवरा वारला होता, मूल नव्हतं.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. परदेशी माणसाने मुदतीपेक्षा जास्त राहणं आणि परवानगी नसलेल्या गावी जाणं हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. केस झाली तर पुन्हा कधी व्हिसा मिळणार नाही, भाचीला पुन्हा भेटता येणार नाही. शिक्षा संपली तरी परत जायचे कागद होईपर्यंत अडकून पडावं लागेल, आणि ते कधी होतील ते कुणीच सांगू शकत नाही. उलट इन्स्पेक्टरसाहेब म्हणतात तसं केलं तर चार दिवसांत घरी.

द्वारकाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, “कोर्टात मला बोलायला मिळेल ना?”

“मिळेल. पण...”

“आणि मी बोलेन ते लिहून घेतात?”

“घेतात.”

“मग मला कोर्टातच जायचं आहे.”

“मावशी, पण का? तुम्ही इकडे कशासाठी आलात? मला सांगा तरी. वकिलाला सांगितलेलं बाहेर जात नाही.”

“तुला सांगितलं तर तू मला शहाणपण शिकवशील,” त्या म्हणाल्या. “तू चांगली मुलगी दिसतेस. चांगल्या मुली फार शहाणपण शिकवतात.”

मी चिडून बाहेर आले. धनवे चहा पीत उभे होते. मी त्यांच्याशीच भांडण काढलं. म्हटलं, “साहेब, ही बाई कालपासून तुमच्याकडे बसलीय. अटक केली असेल तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभी करावी लागते. नसेल केली तर तिला जाऊ द्यायला पाहिजे.”

“अहो, जाऊच देतोय की! ती उठतच नाही!”

आम्हां दोघांनाही हसू आलं. पण ते टिकलं नाही, कारण तेवढ्यात एक जीप आवारात शिरली आणि साध्या कपड्यांतले दोघे उतरले. मुंबईहून आले होते. कुठल्या खात्याचे ते त्यांनी सांगितलं नाही आणि धनव्यांनी विचारलं नाही. ते थेट आत गेले. दार लागलं. बऱ्याच वेळाने उघडलं तेव्हा त्यांतला एक धनव्यांना म्हणाला, “काही बोलत नाही. म्हणते, जे सांगायचं ते जजसमोर. आम्ही घेऊन जातो हिला. तिकडे बोलेल.”

धनव्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. दमलेले होते, मुलीच्या लग्नाची तारीख जवळ आली होती आणि त्यांना कटकट नको होती, एवढंच. पण ‘तिकडे’ म्हणजे कुठे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“साहेब, गुन्हा नोंदवा,” मी म्हणाले. “नोंदवला की ती कोर्टाच्या ताब्यात. मग ज्यांना विचारायचंय त्यांनी कोर्टाची परवानगी घेऊन विचारावं.”

धनव्यांनी कप खाली ठेवला. “शैला, कारकुनाला बोलाव. गुन्हा नोंदवायचाय.” मग त्या दोघांकडे वळून म्हणाले, “बाई स्वतःच कबूल करतेय. मी तरी काय करणार?”

त्याच दुपारी आम्ही न्यायाधीश हुद्दारांसमोर उभे राहिलो. द्वारकाबाईंनी पिंजऱ्यात शिरताच बोलायला तोंड उघडलं आणि हुद्दारांनी हात वर करून थांबवलं.

“आज ते नाही. आज फक्त तुम्हांला कुठं ठेवायचं एवढाच प्रश्न आहे. आधी पोलीस तपास करतील, दोषारोपपत्र दाखल करतील, मग तुम्हांला विचारलं जाईल.”

“म्हणजे आज लिहून घेणार नाही?”

“नाही.”

मी जामीन मागितला. सरकारी वकील कुलथे म्हणाले, परदेशी बाई, इथे ओळखीपाळखीचं कुणी नाही, जामीन राहणार कोण? मुंबईच्या भाचीला मी फोन केला होता. तिने एकच वाक्य उच्चारलं होतं, “मावशीनं आमचं घर बुडवलं,” आणि फोन ठेवला होता. नव्या सासरी, लग्नाची मेंदी हातावर असताना, पोलीस दारात येऊन गेले होते. तिला तरी काय बोलणार?

द्वारकाबाई जिल्ह्याच्या तुरुंगात बायकांच्या बराकीत गेल्या.

मी दर आठवड्याला भेटायला जात राहिले. ते माझं कामच होतं, पण खरं सांगायचं तर उत्सुकता मला गप्प बसू देत नव्हती. मी मनाशी नाना गोष्टी रचल्या. तरुणपणी सोडून गेलेला कुणी असेल. इकडे दिलेलं मूल असेल. कधी कधी कुलथे कोर्टाच्या व्हरांड्यात जे बोलायचे तेही मनात यायचं: “किनाऱ्याला येऊन बसलीय. बोटी बघायला आली असेल. तुम्ही भोळ्या आहात.” ते दोघे मुंबईवाले कोर्टाची परवानगी काढून तुरुंगात दोनदा येऊन गेले. बाईंनी त्यांना चहा विचारला, प्रकृती विचारली, एकाला रक्तदाब तपासून घ्यायला सांगितलं. बाकी काही नाही.

तुरुंगात त्या मजेत होत्या असं म्हणणं बरोबर नाही. त्यांचे पाय सुजले होते. पण बराकीतल्या बायका त्यांच्याकडे आपापलं दुखणं घेऊन यायच्या आणि त्या मला औषधांची नावं सांगायच्या, हे जेलरला सांग, ते सांग.

दोषारोपपत्र दाखल झालं आणि तारीख लागली. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा मला काम सांगितलं.

“करंजपाडा माहीत आहे तुला?”

“ऐकलंय. खाडीच्या पलीकडे, वारल्यांचा पाडा.”

“तिथं बारकी वरठा म्हणून बाई आहे. तिला फक्त कोर्टाची तारीख सांग. ‘नर्सबाईनं सांगितलंय’ म्हण. बाकी काही विचारू नको तिला. तुझा स्वभाव मला कळला आहे.”

गवत कापणीचे दिवस होते. टेकडीच्या उतारावर माणसं गवताच्या पेंढ्या बांधत होती. बारकी वरठा कोण म्हणून विचारलं तर तिशी-पस्तिशीची एक सावळी, काटक बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. शेजारी तिचा नवरा, काशा त्याचं नाव, पेंढीला गाठ मारत होता.

“नर्सबाईनं सांगितलंय,” मी म्हणाले आणि तारीख सांगितली.

बारकीने आधी काशाकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे. काशाचा हात गाठीवरच थांबला.

“बरं,” ती म्हणाली आणि पुन्हा वाकून गवत गोळा करू लागली. मी थोडा वेळ उभी राहिले. काशाने गाठ आवळली आणि पुढची पेंढी ओढली. परतताना होडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी घेऊन आले होते त्यापेक्षा जास्त कोडी घेऊन चाललेय.

तारखेला कोर्ट भरलेलं होतं. पाकिस्तानी बाईची केस आहे हे गावभर झालं होतं. हुद्दार चष्म्याच्या काचा पुसत म्हणाले, “दोषारोप समजला का? गुन्हा कबूल आहे?”

“समजला. कबूल आहे,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“कुणाच्या दबावाखाली कबूल करत नाही ना?”

“मला कोण दबावात घेणार?”

मागे हशा झाला. हुद्दारांनी नजर वर केली तसा थांबला.

“शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे?”

“होय,” त्या म्हणाल्या, आणि कठड्यावर दोन्ही हात ठेवले. “लिहून घेताय ना?”

हुद्दारांनी टंकलेखकाकडे मान हलवली.

“माझ्या इस्पितळात तुरुंगातले आजारी कैदी आणत,” त्यांनी सुरुवात केली. “पाच वर्षांपूर्वी एक आणला. ताप डोक्यात गेलेला. नाव लावलेलं, जानी लखमन, राहणार गुजरात. हिंदुस्थानी मच्छीमार. बोट हद्द ओलांडून आली म्हणून पकडलेला. वॉर्डातले सगळे म्हणत, हा काय बडबडतो ते कळत नाही. मी गेले. तो म्हणत होता, ‘बारके, पेज घाल.’”

टंकलेखकाचा हात थांबला. हुद्दार म्हणाले, “लिहा.”

“हरकत आहे!” कुलथे उठले. “महोदय, या सगळ्याचा या खटल्याशी संबंध काय? मुदत संपली, बाई राहिली, कबूल केलं. विषय संपला. कोर्टाला गोष्टी ऐकवायचं कारण नाही. आणि परकी बाई किनाऱ्यावरच्या पाड्यांतून कशी फिरली, कुणाला भेटली, याचा तपास अजून व्हायचा आहे. माझी विनंती आहे की हे नोंदीवर येऊ नये.”

मी उभी राहिले. तोपर्यंत त्या कोर्टात मी फक्त जामीन मागितले होते आणि तारखा मागितल्या होत्या.

“महोदय, गुन्हा कबूल केलेल्या माणसाला शिक्षा सुनावण्याआधी ऐकून घ्यावंच लागतं. शिक्षा किती द्यायची हे गुन्हा का केला यावर ठरतं. माझे विद्वान मित्र विचारतात, ही पाड्यावर कशाला गेली? ती तेच सांगतेय. तिनं ते ठाण्यात सांगितलं नाही, मुंबईहून आलेल्यांना सांगितलं नाही, मलासुद्धा सांगितलं नाही. तिला ते इथं सांगायचं आहे. याच जागेसाठी ती महिनाभर तुरुंगात थांबलीय.”

बोलता बोलताच माझं मला कळलं. बाई चुकून राहिल्या नव्हत्या. त्यांना सुटायचंच नव्हतं. त्यांना इथवर यायचं होतं, या कठड्यापर्यंत.

हुद्दारांनी कुलथ्यांना हाताने बसायची खूण केली. “हरकत फेटाळली. बोला, बाई.”

“त्याचं नाव जानू लखमा वरठा. गाव करंजपाडा, तालुका शिरवली. बोट गुजरातची होती म्हणून सगळ्यांना गुजरातचं लावलं. आमच्याकडच्या शिपायानं ऐकलं तसं नाव लिहिलं. त्याला वाचता येत नाही, त्यानं अंगठा दिला. शिक्षा झाली सहा महिन्यांची. ती संपूनसुद्धा सात वर्षं झाली, साहेब. सुटत नाही. का? तर तुमच्याकडे विचारलं, जानी लखमन म्हणून गुजरातेत कुणी आहे का? तुमच्याकडून उत्तर गेलं, असा कुणी नाही. ते खरंच आहे, असा कुणी नाहीच आहे! मग तो हिंदुस्थानी नाही, आमचा तर नाहीच नाही. मग सोडणार कुठं?”

त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

“मी तिकडे दरखास्ती दिल्या. इकडच्या वकिलातीला दिल्या. पत्रं लिहिली. उत्तर नाही. मुंबईत आले तेव्हा पोलिसांच्या ऑफिसात नोंद करायला गेले, तिथं सांगून पाहिलं. म्हणाले, अर्ज द्या. माझी मुद्दत संपत आली होती. मी नर्स आहे, मला एवढं कळतं की कोर्टात जे लिहिलं जातं ते कुणाला फेकता येत नाही. पण कोर्टात मला कोण उभी करणार? मी परकी. मग मला वाटलं, गुन्हा केला की उभी करावीच लागते. म्हणून आधी करंजपाड्याला जाऊन आले, मग ठाण्यात गेले.”

मागच्या बाकांवरची माणसं पुढे सरकून ऐकत होती.

“हे सगळं तुम्ही म्हणताय,” हुद्दार शांतपणे म्हणाले. “हा जानू वरठा करंजपाड्याचाच, याला आधार काय?”

द्वारकाबाईंनी मागे पाहिलं. मीही पाहिलं. दाराशी, भिंतीला टेकून बारकी उभी होती. तिच्यामागे काशा.

ती हलली नाही. मला आता सगळं समजत होतं आणि समजल्यामुळेच भीती वाटत होती. बोटमालकाने जानू बुडाला म्हणून सांगितलं असणार. तिने वाट पाहिली असणार, मग दुसरं घर केलं. आता ती जे बोलेल ते तिच्याच संसारावर येणार होतं. ती नुसती वळून निघून गेली असती तरी कुणाला काही कळलं नसतं.

काशा तिच्या कानाशी काहीतरी म्हणाला. काय ते आजही मला माहीत नाही. बारकी पुढे आली.

“साहेब,” ती म्हणाली, “जानू लखमा वरठा माझा नवरा होता.” मग थांबली. वळून काशाकडे पाहिलं. मग पुन्हा म्हणाली, “आहे. जिता आहे म्हंजे आहेच ना?”

हुद्दारांनी तिला शपथ द्यायला लावली आणि तिचं बोलणं लिहून घेतलं. जानूच्या अंगावर काही खूण आहे का? आहे, पाठीवर भाजल्याचा डाग, लहानपणी भट्टीवर पडला होता. कोणत्या बाजूला? तिने स्वतःच्या डाव्या खांद्याला हात लावला. द्वारकाबाईंना आधी बाहेर नेलं होतं. आत आणून त्यांनाही विचारलं. त्यांनीही डाव्याच खांद्याला हात लावला. कुलथे त्यावर काही बोलले नाहीत. उलट त्यांनीच उठून सुचवलं की दोन्ही जबाबांच्या प्रती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वर पाठवाव्यात. तेव्हापासून मी व्हरांड्यात त्यांच्याशी नीट बोलू लागले.

शिक्षा सुनावली गेली: थोडासा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे त्या दिवशीचं कामकाज संपेपर्यंत आरोपीने कोर्टात बसून राहायचं. द्वारकाबाई कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या. बारकी त्यांच्या पायाशी जमिनीवर. मध्ये बकरी चोरल्याची एक केस झाली, बांधाच्या भांडणाची एक झाली, त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. संध्याकाळी हुद्दार उठले तसे सगळे उठले आणि त्यांची शिक्षा संपली.

पण सुटका झाली नाही. कागद यायचे होते. त्यांना जिल्ह्याच्या महिला आधारगृहात ठेवलं, दाराशी शिपाई. हा आठवडा, पुढचा आठवडा करत गवत कापणीच्या दिवसांत आलेली बाई आंबे उतरायला लागले तरी तिथेच होती. मी वरच्या कोर्टात अर्ज टाकला: शिक्षा भोगलेल्या बाईला कोणत्या हुकमाने कोंडून ठेवलंय ते दाखवा. असा हुकूम कुणाकडे नव्हता. तो शोधण्यापेक्षा तिला पाठवणं सोपं होतं, म्हणून अखेर कागद आले.

जाण्याआधी एका दुपारी मी विचारलंच. “मावशी, तुमचा त्याच्याशी संबंध काय? एका पेशंटसाठी एवढं?”

त्या साडीच्या निऱ्या सारख्या करत होत्या. “माझा नवरा गेला त्यानंतरची गोष्ट आहे ही,” त्या म्हणाल्या. “घरात मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं. मी भांड्यांशी बोलायची. आणि एक दिवस वॉर्डात आवाज आला, ‘पेज घाल.’ तापातला माणूस कुणाशीच बोलत नसतो, मला ते ठाऊक आहे. पण कित्येक महिन्यांनी मला कुणीतरी मराठीत काहीतरी मागितलं होतं. मी घरी जाऊन पेज केली.”

“आणि भाची?”

“ती रागावलीय. रागावू दे. लग्न छान झालं तिचं.” त्यांनी तोंड फिरवलं. मी पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

त्या गेल्या. त्यांच्या पासपोर्टावर पुन्हा इकडचा शिक्का पडणार नव्हता.

वर्ष उलटून गेलं. मग एका सकाळी काशा माझ्या ऑफिसच्या दारात. “वकीलबाई, जानू आला.”

सुटलेल्या मच्छीमारांच्या जथ्याबरोबर तो सीमेवरून आला होता आणि रेल्वेने शिरवलीला उतरला होता. स्टेशनवर घ्यायला काशाच गेला होता. मी कराचीला फोन लावला. द्वारकाबाईंना आधीच माहीत होतं. तुरुंगाच्या फाटकाबाहेर उभ्या राहून त्यांनी त्याला गाडीत चढताना पाहिलं होतं. “फार वाळलाय,” त्या म्हणाल्या. “एकदम जड जेवण घालू नका म्हणावं.”

मी करंजपाड्याला गेले. झोपडीबाहेरच्या खाटेवर एक हडकुळा माणूस बसला होता, डोळे आत गेलेले, हात सारखे मांडीवर फिरवत. काशा चूल पेटवत होता. बारकी भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ बसले आणि हळूच विचारलं, “आता काय करायचं ठरवलंय?”

“काय ठरवायचं? दोघांना भूक लागलीय,” ती म्हणाली. “आधी जेवू दे.”

पुढे जानू भावाच्या झोपडीत राहायला गेला, समुद्रावर पुन्हा कधी गेला नाही, चिकूच्या वाडीत राखणीला लागला. बारकी काशाकडेच राहिली. सणाला तिघं एकत्र जेवतात. पण ते नंतरचं. त्या दिवशी तो फारसं बोलत नव्हता. मी कोण ते काशाने त्याला सांगितलं तेव्हा मात्र तो सरळ बसला.

“वकीलबाई, तिथं अजून एक म्हातारा आहे.”

“कोण?”

“नाव नाय माहीत. सगळे मामा म्हणतात. डोकं फिरलंय त्याचं. नाव विचारलं का रडतो, गाव विचारलं का रडतो. माझ्या आधीपास्नं आहे. कधी आजारी नाय पडला, तर नर्सबाईकडं पण नाय गेला. त्याला कोणीच आपला म्हणत नाय.”

“हिंदुस्थानीच आहे कशावरून?”

“बोलतो ना. थोडं कळतं आपल्याला, थोडं नाय कळत.”

मी खाटेजवळ सरकले. “कसं बोलतो? तसंच बोलून दाखव. जसंच्या तसं.”

जानूने डोळे मिटले. त्याचा चेहरा बदलला, खालचा ओठ लोंबला, मान एका बाजूला कलली आणि म्हाताऱ्या, थरथरत्या आवाजात तो म्हणाला,

“माका घराक जावचा आसा.”